प्रुइटचं ‘हो सर’

१४ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा तेच! शिट्टी वाजली, डाव संपला, सगळे जागच्या जागी थांबले — आणि प्रुइट मात्र सुटलेलाच. समोरच्या संघाचा चेंडू फेकणारा गडी, क्वार्टरबॅक, चेंडू टाकून मोकळा झालेला, बिचारा हात खाली सोडून उभा होता, त्याला उताणा पाडला. पंचाचं पिवळं फडकं पडलं. दंड. माझ्या मागच्या बाकावरची बाई म्हणाली, “कुणीतरी दावणीला बांधा रे याला.” ती त्याच्याच कॉलेजची होती.

मी आपला उकडलेल्या शेंगा खात बसलो. बसलो म्हणजे काय, दर दोन डावांनी उठत होतो. गुडघे दुखतात आणि मन लागत नाही.

ग्रेडीने मला मिसिसिपीच्या या कोपऱ्यात पाठवलंय ते लव्हेल प्रुइटला नापास करायला. तसं तो स्पष्ट म्हणाला नाही. म्हणाला, “डेल, एकदा डोळ्यांखालून घाल आणि यादीतून काढायला मला दोन ओळी दे.” ग्रेडी आमच्या संघाचा सर्वेसर्वा. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये सगळे व्यावसायिक फुटबॉल संघ पाळीपाळीने कॉलेजची पोरं उचलतात. आमच्यात कुणाला उचलायचं ते ग्रेडी ठरवतो. मी गावोगाव हिंडून पोरं पारखणारा. आयुष्य भाड्याच्या गाड्यांत गेलं.

पण काय गडी आहे! बचावाच्या फळीत अगदी कडेला उभा राहतो. समोर दीडशे किलोचा राखणदार. त्याला वळसा घालून आत घुसायचं आणि क्वार्टरबॅकला धरायचं, एवढंच काम. ते हजार पोरं करतात. हा वळताना इतका झुकतो की खांदा गवताला लागेलसं वाटतं, पण पाय सुटत नाहीत. वेग कमी होत नाही. हे कुणी शिकवून येत नाही. इतक्या वर्षांत मी असे मोजकेच पाहिले.

आणि हाच पोरगा शिट्टीनंतर माणसं पाडतो. डोकं फिरलंय माझं.

१५ नोव्हेंबर

निघायचं होतं. बॅग भरली, परत उपसली. राहिलो.

१७ नोव्हेंबर

कोच स्टेगॉलला गाठलं. पाय टेबलावर, तोंडात काडी. म्हणतो, “पोरगं सोन्यासारखं. चार वर्षांत उलटून शब्द बोललं नाही. काहीही सांगा — हो सर. ऊन असो, ताप असो — हो सर.”

“आणि शिट्टीनंतर मारतो ते?”

“रक्त गरम आहे. त्याला मी काय करू?”

म्हणजे आठवडाभर गाय आणि शनिवारी लांडगा! एकाच अंगात दोन माणसं राहतात, असं म्हणणं आहे कोचचं. मला नाही पटत. गरम रक्ताची पोरं मी पाहिलीत. ती जेवणाच्या रांगेतही गरमच असतात.

दुपारभर त्याचे जुने सामने पडद्यावर लावून बसलो. एक गंमत दिसली. त्याला कधी उजव्या टोकाला उभं करतात, कधी डाव्या. सगळे गुन्हे उजव्या टोकाचे. डाव्या टोकाला उभा असला की साधू — शिट्टी वाजली की लगेच थांबतो, पडलेल्याला हात देऊन उठवतो. हे काय गौडबंगाल आहे, काही कळेना. टाचणी रुतल्यासारखं झालंय.

२ मार्च

आज वाट लागली.

सगळे संघ एका शहरात जमून पोरांची मोजमापं घेतात, डॉक्टर त्यांचे गुडघे-खांदे वळवून बघतात, मग एकेकाला खोलीत बोलावून प्रश्न. प्रुइट आला. सूट आखूड, मनगटं बाहेर. प्रत्येकाशी हात मिळवला. मी त्याच्या समोर. ग्रेडी त्याच्या डाव्या हाताला, टेबलाच्या टोकाशी, कागदांत डोकं घालून. तो प्रश्न विचारतो ते नेहमी असे, कागदांनाच विचारल्यासारखे पुटपुटत.

“ते शिट्टीनंतरचं,” ग्रेडी म्हणाला, “मुद्दाम मारतोस ना?”

“हो सर,” प्रुइट म्हणाला. हसतमुखाने!

ग्रेडीने मान वर केली. “दुखापत व्हावी म्हणून?”

“हो सर.”

तो बाहेर गेल्यावर ग्रेडी म्हणाला, “खरं बोलतो, एवढं मानायला हवं. खोडा नाव.” मी म्हटलं, ग्रेडी, त्याचं तोंड बघितलंस का? जो माणूस असं काही कबूल करतो तो असा हसतो का? “म्हाताऱ्या,” तो म्हणाला, “तू पोराच्या प्रेमात पडलायस.”

पडलोय. मग?

११ मार्च

प्रुइटच्या घरी गेलो होतो. ग्रेडीला सांगितलेलं नाही. आई मिस ओरीथा शाळेच्या मुदपाकखान्यात काम करते. बुटकी, ठसठशीत बाई. मला बघताच म्हणाली, “मिस्टर डेल, तुमच्या लोकांनी माझ्या पोराला गुंड ठरवलंय म्हणे. आधी जेवा, मग बोलू.” तळलेला मासा, लोण्यात शिजवलेल्या घेवड्याच्या बिया, मक्याची भाकरी. नाही म्हणायची सोय नव्हती.

जेवताना एक पाहिलं. ती लव्हेलच्या डाव्या बाजूला उभी होती, हातात भाकरीचं ताट. वाढायचं तर तिथूनच वाढता आलं असतं. पण ती ताट घेऊन टेबलाला पूर्ण वळसा घालून त्याच्या उजवीकडे गेली आणि मग म्हणाली, “आणखी एक?” नंतर चहा घेऊन आली — पुन्हा वळसा. तिच्या लक्षातही नव्हतं. पायांना सवय झालेली.

घास माझ्या तोंडात तसाच राहिला.

१२ मार्च

आज त्याच्यासोबत मैदानावर फेरी मारली. मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूने चाललो. हवापाण्याच्या गप्पांच्या सुरात, पुढे बघत म्हटलं, “लव्हेल, मी मंगळावर राहतो.”

“हो सर.”

“आणि तुझा कोच बोकड आहे.”

“हो सर,” म्हणून मान डोलावली. इतक्या अदबीने की मला हसू आलं.

त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, कधीपासून? कळलं त्याला. बुटांकडे बघत त्याने सांगितलं. लहानपणी कान फुटला, ताप डोक्यात गेला, डाव्या कानाने ठार बहिरा झाला. आईला ठाऊक आहे. आता मला. बस्स.

“मग ‘काय म्हणालात’ असं विचारत का नाहीस, गड्या?”

“एकदा विचारता येतं, सर. दुसऱ्यांदा विचारलं की लोक असे बघतात… दुसरीत बाईंनी मला मंद मुलांच्या वर्गात बसवलं. मी सारखं विचारायचो म्हणून. मम्मा म्हणायची, मोठ्यांना पुन्हा पुन्हा बोलायला लावू नये. तेव्हापासून ‘हो सर’ म्हणतो. त्यावर कुणी चिडत नाही.”

त्या दिवशी खोलीत ग्रेडीने काय विचारलं होतं ते मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा बघवेना. “मला वाटलं, पुन्हा असं करणार नाहीस ना, असं विचारतायत,” तो म्हणाला.

सगळं जुळलं! उजव्या टोकाला उभा राहिला की सगळं मैदान, सगळे पंच, सगळ्या शिट्ट्या त्याच्या डाव्या हाताला. त्याच्यासाठी डाव संपलेलाच नसतो. बिचारा इमानदारीने काम करत असतो. डाव्या टोकाला ठेवा, चांगला कान मैदानाकडे येतो, संपला प्रश्न. इतकं सोपं!

म्हटलं, मला हे लिहू दे. गुंड हा शिक्का पुसला जाईल. तो घाबरला. “नको सर. गुंड चालतो त्यांना. बहिरा चालेल का?” म्हटलं, विचार कर. तू हो म्हटल्याशिवाय मी अक्षर लिहिणार नाही. हात मिळवला त्यावर.

२० मार्च

चैन नाही. घरात येरझारा घालून सतरंजी झिजवली. नाही लिहिलं तर ग्रेडीने नाव खोडलंच आहे, बाकीच्या संघांनीही हेच केलं असणार. लिहिलं तर डॉक्टर लोक काय म्हणतील देव जाणे. पण खरं तर लिहावंच. लिहायलाच हवं. मला तर अगदी घाई झालीय.

हे पोराच्या भल्यासाठी की ग्रेडीला तोंडघशी पाडायला, हे मी स्वतःला विचारत नाही.

२६ मार्च

सुटलो एकदाचा!

लव्हेलला जॅक्सनच्या विमानतळावर सोडायचं होतं, दुसऱ्या एका संघाने भेटीला बोलावलंय. मिस ओरीथाची गाडी बंद. म्हटलं, मी सोडतो. भाड्याच्या गाडीचं थंड हवेचं यंत्र बिघडलेलं, काचा खाली, ओंडक्यांचे ट्रक धडधडत बाजूने जाताहेत. तो माझ्या उजव्या हाताला बसलेला, गुडघे पार हनुवटीशी, खिडकीबाहेर बघतोय. गाणी गुणगुणत होता. इतका मोकळा मी त्याला पाहिला नव्हता.

मी गाडी एका ट्रकच्या पुढे काढत होतो. रस्त्यावरून नजर न काढताच विचारलं, कारण तोंडावर विचारायला मला जमेना — “मग लिहू ना कानाचं? ठरलं ना तुझं?”

“हो सर.”

लगेच! एका क्षणाचाही विचार न करता. मी त्याच्या मांडीवर थाप मारली. तो हसला. केवढं ओझं उतरलं! पुढच्या पंपावर गाडी थांबवून दोघांसाठी शेंगा घेतल्या. विमानतळावर उतरताना म्हणाला, “तुम्ही माझ्यासाठी खूप करताय, सर.” डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हातारा झालो.

२९ मार्च

अहवाल पाठवला. माझ्या उभ्या नोकरीतला सर्वांत चांगला. कान, शिट्टी, उजवं टोक, डावं टोक — शेंबड्या पोरालाही कळेल असं लिहिलं. शेवटी लिहिलं, हा मुलगा गुंड नाही, आपण त्याला नीट प्रश्न विचारला नाही. ग्रेडीला झोंबेल. झोंबू दे.

८ एप्रिल

ग्रेडीचा फोन. “शाबास, डेल. वाचवलंस.” मी खुर्चीतून उठलोच आनंदाने. मग कळलं, कशातून वाचवलं ते. “मैदानावरच्या गोंगाटात सोबत्यांच्या हाका कशा ऐकणार तो? उद्या मागून कुणी आदळलं, मान मोडली, तर वकील माझ्या दारात. डॉक्टरांनी फुली मारली.”

म्हटलं, अरे, चार वर्षं खेळलाय तो तसाच! सगळ्यांच्या पुढे होता!

“तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं,” ग्रेडी म्हणाला.

१५ एप्रिल

दुसऱ्या संघाच्या एका पारख्याने सहज फोन केला. हवापाणी झालं. मग म्हणतो, “तो बहिरा पोरगा तूच शोधलास ना? मानलं तुला.” ग्रेडीच्या डॉक्टरकडून त्यांच्या डॉक्टरकडे, तिथून सगळीकडे. आमच्या धंद्यात पोटात काही राहत नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं.

लव्हेलला फोन केला. उचलला नाही.

२४ एप्रिल, शनिवार

ड्राफ्टचा शेवटचा दिवस. दूरदर्शन संचासमोर उभ्यानेच होतो. कडेचे गडी एकामागून एक गेले. ज्यांना वळता येत नाही ते गेले. एकाला तर मी स्वतः ‘लाकूड’ असं लिहिलं होतं, तोही गेला. शेवटच्या नावापर्यंत थांबलो. प्रुइट नाही. मिस ओरीथाच्या घरी गल्ली जमली असेल, मासे तळले असतील. माझ्याच्याने बघवेना आणि बंदही करवेना.

तरी मनाशी म्हटलं, त्याला विचारून केलं. त्याने हो म्हटलं होतं. एवढाच काय तो आधार.

२५ एप्रिल

मिस ओरीथाचा फोन. आवाज चढलेला नव्हता. “मिस्टर डेल, लव्हेल म्हणतो, मी त्यांना कधीच हो म्हटलं नाही.”

मी म्हटलं, म्हटलं होतं. मी स्वतः विचारलं होतं. जॅक्सनला जाताना, गाडीत.

ती मग म्हणाली, “गाडी कोण चालवत होतं?”

मी चालवत होतो. तो माझ्या उजव्या हाताला. डावा कान माझ्याकडे.