बोलू नका, फक्त बटण दाबा

आप्पा, शिरूरच्या ठाण्यात आता बिनतारीचे नवे डिजिटल सेट बसले. जुना काढून नेला. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन तेवढा राहिलाय. नव्या सेटला खरखर नाही. समोरचा बोलायचा थांबला की एकदम शांत होतं आणि दर वेळी मला वाटतं, संपर्क तुटला. तुम्ही गेल्यानंतर एवढं काय काय बदललंय की सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. गाडीत नकाशा दिसतो, एकशे बारा नंबरला फोन आला की माणूस कुठून बोलतोय ते पडद्यावर उमटतं. पण मला सांगायचं आहे ते पुराच्या दुपारचं. त्या दुपारी मी तुमचा नियम मोडला, आणि तुम्ही असता तर काय म्हणाला असता, हे अजून माझं मला ठरवता येत नाही.

दौंडच्या ठाण्यातली तुमची बिनतारीची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. पोलीस लाइनीतून मी डबा घेऊन यायचे. टेबलावर तो जड सेट, खाली ओळीनं बॅटऱ्या, आणि सगळीकडे अॅसिडचा आंबट वास. बॅटऱ्यांत पाणी भरताना उडालेल्या थेंबांनी तुमच्या खाकी शर्टांना बारीक भोकं पडलेली असायची आणि आई ती रफू करत बसायची. घरी तुम्ही वाकून चालायचात, सेटसमोर मात्र पाठ ताठ. "दौंड टू कंट्रोल, मेसेज नोट करा." मग कुठं, काय, किती माणसं, एवढंच. अपघात असो की दंगल, एक शब्द जास्त नाही. जेवतानाही तेच. आई म्हणायची, "यांना भूक लागली तरी बिनतारीवरच सांगत्यात." आम्ही हसायचो. तुम्ही भाकरी मोडत म्हणायचात, "हसा. पर त्या सेटवर एक माणूस बोलत असला ना, तर बाकीच्या समद्यांनी गप बसायचं असतं. मी फुकट बोललो, तर कुणाचं तरी मरण त्या वक्ताला बाहेर ताटकळत हुबं ऱ्हातं."

आजोबांचं तुम्ही मला एकदाच सांगितलंत. केडगावला लग्नाला गेलो होतो आणि परतीची गाडी येईपर्यंत फलाटावर बसलो होतो. आजोबांकडे गावकीचं काम होतं. गावात कुणी वारलं की त्यांनी निरोप घेऊन पायी निघायचं, पाहुण्यांच्या गावी जायचं, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं आणि तिथूनच ओरडून सांगायचं. पाणी वरून ओंजळीत. आपल्या लोकांनी ती कामं टाकली तेव्हा तुम्ही शाळेत होतात. "आन् मी बी निरोप्याच झालो बघ," तुम्ही म्हणालात. "पर माझा निरोप एस्पी साहेब बसून ऐकतो. कमी-जास्त करीत न्हाई. म्या म्हनलो तसाच लिहून घ्यावा लागतो त्यास्नी." तुम्ही हसला नाहीत. तुमच्या एका-एका शब्दाला एवढा भाव का, ते मला त्या दिवशी समजलं.

मी याच खात्यात भरती झाले तेव्हा तुम्ही मला डबीभर खडीसाखर आणि ज्येष्ठमधाच्या काड्या दिल्यात. घसा सांभाळ म्हणालात, बाकी काही नाही. तुम्ही निवृत्त झाला होतात, तरी रोज सकाळी दौंडच्या ठाण्यात चहा प्यायला जाऊन बसायचात, हे मला फार उशिरा कळलं. शिरूर आणि दौंड, दोघांचंही बोलणं पुढं फेकणारा डोंगरावरचा रिपीटर एकच असल्यामुळे माझा आवाज तिकडे लागायचा. सुट्टीला घरी आले, चप्पल काढते न काढते तोच तुम्ही म्हणालात, "परवा तू म्हनलीस, गाडी जरा वेळात पोचंल. जरा म्हंजी किती? ज्याचा जीव चाललाय त्यानं जरा म्हंजी काय समजायचं? खात्री न्हाई तर शब्द न्हाई." मी चिडले, आईजवळ रडले. पण तेव्हापासून सेटवर 'जरा' म्हटलं नाही.

आता पुराचं. धरणातून पाणी सोडलं होतं आणि घोडनदी सकाळपासून चढत होती. नदीकाठच्या एका वस्तीवर म्हातारं जोडपं अडकलंय असा फोन आला म्हणून आमची गाडी पाठवली. गाडीवर एकच हवालदार, जुना माणूस, दोन वर्षांत निवृत्त होणारा. दोघांना घेऊन तो परत निघाला आणि ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावर गाडी बंद पडली. मागून पाणी, पुढून पाणी. वीज गेली होती, त्यामुळे मोबाइलचे टॉवरही बंद. गाडीतला सेट भिजून गेला. राहिला होता फक्त त्याच्या हातातला वॉकीटॉकी.

"मॅडम, पानी बॉनेटवर आलंय. म्हातारा-म्हातारीला टपावर बसवलंय, मी बी चढलोय. वॉकी बॅटरीची शेवटची कांडी दावतीय. मॅडम, मला पवता येत न्हाई." त्याचा श्वास एवढा लागला होता की वाक्य तुटत होतं. आणि तो बटण सोडेना. तेच तेच बोलत राहिला, पाणी, पाणी, पाणी. तो बोलेल तेवढी बॅटरी संपणार होती. ऐकायला फारशी लागत नाही, हे तुम्हीच मला शिकवलेलं. त्यानं बटण सोडल्याबरोबर मी म्हटलं, "दादा, आता बोलू नका. मी बोलते, तुम्ही ऐका. मी थांबले की बटण एकदा दाबून सोडायचं. त्यावरून मी समजेन." थांबले. खट् आवाज आला.

मग मी बोलत राहिले. आधी कामाचं सांगितलं. मधे बसा, म्हातारीला दोघांच्या मधे घ्या, ओढणी, टॉवेल काय असेल त्यानं एकमेकांना टपाच्या कॅरियरला बांधा. खट्. ते सांगून झालं. गप्प बसले तर तो पुन्हा घाबरून बोलायला लागणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग लसणाच्या चटणीचं सांगितलं. मिक्सरला लावायची नाही, कुटायचीच, तीळ वेगळे भाजायचे. मग तुमचं सांगितलं. तुमच्या शर्टाची भोकं, आईची रफू, सगळं, आप्पा, उघड्या चॅनेलवर. दर दोन वाक्यांनी थांबायचे आणि कान देऊन खट् ऐकायचे. एकदा ते आलंच नाही. मी पुन्हा विचारलं, "दादा, हायसा ना?" माझ्या तोंडून गावची भाषा कशी निघाली कुणास ठाऊक. बऱ्याच वेळानं आलं. तेव्हा मी म्हणाले, "बोट निघाली, दादा." बोट निघाली नव्हती. मागवलेली भोई मंडळींची बोट अजून ठाण्यासमोरच टेंपोत चढवत होते आणि मला ते माहीत होतं.

बोट पोचली तेव्हा पाणी टपाला लागलं होतं. तिघांनाही काढलं. गाडी मात्र गेली, ती पुढं बाभळीत अडकलेली सापडली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत, समोर बसवलं. "तुम्ही बोलत होता तेव्हा दौंडकडे भांडगावजवळ पिकअप उलटली होती. आपल्या हायवेच्या गाडीला अॅम्ब्युलन्स मागायची होती, त्यांना चॅनेल मिळाला नाही. तिकडे मोबाइल चालू होता म्हणून भागलं. पिकअपमधला माणूस वाचला. पण चालू नसता तर?" तुमचं जेवतानाचं बोलणं आठवलं. माझ्या चटणीच्या बाहेर एक माणूस रस्त्यात पडून होता. मी म्हटलं, "सर, दोन्हीकडचं एकदम दिसत नव्हतं." ते म्हणाले, "कुणालाच दिसत नसतं." आणि जा म्हणाले.

महिनाभरानं ती म्हातारी ठाण्यात आली. कुणाचा तरी हात धरून पायऱ्या चढली आणि दारातूनच म्हणाली, "चटणी सांगणारी बाय कोनती?" मी उठले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "मला काय बी ऐकू येत नव्हतं गं, पान्याचा आवाज केवढा. ह्यो हवालदार मोठ्यानं मला सांगायचा, आता बाई हे म्हनती, आता बाई ते म्हनती. चांगलं बोलत व्हता. मला वाटलं, येवढं निवांत बोलतोय म्हंजी आपन काय मरत न्हाई." हवालदार तिच्या मागं उभा होता. मी चहा सांगितला. बोट निघाली नव्हती हे मी दोघांनाही सांगितलं नाही.

मी बरोबर केलं असं म्हणत नाही, आप्पा. भांडगावचा तो माणूस वाचला नसता तर हे पत्र मी वेगळं लिहिलं असतं, किंवा लिहिलंच नसतं. पण पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा बोलेन, हे मला माहीत आहे. तुम्ही रागावाल. रागावून झाल्यावर विचाराल, वॉकीला बॅटरी किती राहिली होती? त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. बोटीत बसल्यावर हवालदार एक वाक्य बोलू शकला, एवढी.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. पोलीस लाइनीतली आपली खोली पाडली, तिथं आता गाड्या लागतात. एक तेवढं सांगते आणि थांबते. नवे सेट बसवायला पुण्याहून इंजिनिअर बाई आल्या होत्या. त्यांनी दाखवलं, आता सगळं आपोआप साठवलं जातं, वर्षापूर्वीचं बोलणंही काढून ऐकता येतं. मी त्यांना विचारलं, दौंडच्या जुन्या सेटवरचं काही कुठं राहिलं असेल का? त्या म्हणाल्या, नाही मॅडम, त्या काळी बोलणं साठवत नव्हते, हवेत गेलं की गेलं.

ते मला माहीत होतं, आप्पा. तरी विचारलं.