समुद्राला तालुका नसल्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी तथा निबंधक (जन्म-मृत्यू नोंदणी),
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे सुलवणे,
ता. शिंदखेडा, जि. धुळे

विषय : मुलाच्या मृत्यूच्या नोंदीत 'ठिकाण' या रकान्यात आपले गाव लिहिणेबाबत.
संदर्भ : माझे याआधीचे तीन अर्ज व आपण दिलेले तोंडी उत्तर.

महोदया,

१. मी कौतिक उखर्डू बोरसे, वय ६७, रेल्वेतील सेवानिवृत्त पॉइंट्समन. माझा मुलगा ज्ञानेश्वर, वय ३१, हा कंटेनर वाहणाऱ्या मोठ्या जहाजावर खलाशी होता. दि. १९ जुलै रोजी आफ्रिकेला वळसा घालताना, वादळात कंटेनरच्या साखळ्या आवळत असता तो समुद्रात पडला व सापडला नाही. तो मयत असल्याचे कंपनीने पत्राने कळवले आहे.

२. सदर कंपनी जगातल्या मोठ्या चार-पाच कंपन्यांत मोडते. कोणाची जहाजे जास्त आणि कोण वेळेवर पोहोचतो, यावरून त्यांच्यात भारी चुरस आहे व त्याचा दरमहा तक्ता निघतो. गेल्या वर्षी मुलाने फोनवर सांगितले की वेळ पाळण्यात आमचा पहिला नंबर आला. माझी पत्नी झुंबरबाई हिने मुलाचाच नंबर आला असे समजून गल्लीत साखर वाटली. मी तिची समजूत दुरुस्त केली नाही. गाड्या वेळेवर काढण्यात माझी पस्तीस वर्षे गेली असल्याने मलाही बरे वाटले होते.

३. जहाजाने सहा तास शोध घेतला. मुलाचा जहाजावरचा सोबती नवल, रा. शिरपूर, याने घरी येऊन सांगितले, "आबा, आमनं बठ्ठासनं (सगळ्यांचं) थांबानं मन व्हतं. पन उशीर व्हता तं बंदरमा दुसरी कंपनीनं जहाज आमनी जागा लई लेतं." त्यामुळे जहाज निघाले व ठरल्या दिवशी पोहोचले. त्या महिन्याच्या तक्त्यातही कंपनी पहिलीच आहे. माझ्या नोकरीत गाडीखाली माणूस आला तर स्टेशनमास्तरचा लेखी मेमो मिळेपर्यंत गाडी हलत नसे, मग मागे मेलगाडी का खोळंबेना. जहाजाचेही तसेच असेल असे मी धरून चाललो व मुलाला या नोकरीवर जाताना अडवले नाही. ही चूक माझी आहे, आपल्या कार्यालयाची नाही.

४. जहाज एका देशाच्या नावावर, मालक दुसऱ्या देशातला आणि चालवणारी कंपनी तिसऱ्या देशातली. तिघांनीही ठिकाण म्हणून अक्षांश-रेखांशाचे आकडे पाठवले. आपण ते माझ्यासमोर तीनदा भरून पाहिलेत. संगणक गाव, तालुका, जिल्हा मागतो आणि समुद्राला तालुका नाही. आपण चहा मागवलात आणि म्हणालात, "काका, मी तरी काय करू?" माझा आपल्यावर राग नाही.

५. परंतु झुंबरबाई रोज विचारते, "मना पोऱ्या कथा (कुठे) शे?" मी ते आकडे वाचून दाखवले, तर म्हणाली, "हाऊ कोना नंबर शे? लाई दे फोन." सून पुनम काहीच विचारत नाही, तिची मला जास्त काळजी वाटते. अर्जात असे लिहीत नाहीत, तरी लिहितो की मला हे सोसत नाही.

६. तरी विनंती की ठिकाणाच्या रकान्यात 'राहते घर, मौजे सुलवणे' असे लिहावे. ही नोंद खोटी होईल, हे मला कळते. मी स्टेशनच्या रजिस्टरात कधी एका मिनिटाचीही खोटी वेळ लिहिली नाही. पण पोराला घरी आणायला दुसरा रस्ता मला दिसत नाही.

७. या नोंदीस गावातून हरकत नाही, मी घरोघर जाऊन विचारले आहे. हरकत घ्यावी असा एकच माणूस आहे. तो स्वतः कार्यालयात येऊन हरकत घेईल, तर मी हा अर्ज उभ्या उभ्या मागे घेईन.

आपल्याच गावचा,
(सही)
कौतिक उखर्डू बोरसे
दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. कंपनीचे इंग्रजी पत्र.
२. त्याचे मराठी भाषांतर (सून पुनम हिने केलेले).