दाराजवळची रांग

बी. डी. डी. चाळ, वरळी
सोमवार, १७ मार्च १९५८

मंजुळाबाई यांस रामदासचा सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर पाहून तुम्ही ते लगेच उघडणार नाही, हे मी धरून चाललो आहे. दिवाळीनंतर तुम्ही मावशींकडे गेलात, त्याला चार महिने झाले. वरळीहून माझगाव काही परमुलूख नाही, तरी मी एकदाही आलो नाही. तुमच्या मावशींचा दमा आता कसा आहे? इकडे आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिला आता समोरच्या चाळीच्या खिडक्या मोजता येतात आणि ती दिवसभर त्याच मोजत बसते. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून समितीच्या सभा जोरात आहेत. लालबाग, परळ, दादर मिळून पंधरा दिवसांत सात भाषणं झाली आणि घसा बसला. डॉक्टरांनी आठ दिवस तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे. म्हणून लिहितो आहे, असं समजा.

तुम्ही गेल्यावर तुमची चौथी मीच घेतली. मुलं शांत बसतात. पाढे पाठ आहेत. अप्पा परवा वर्गात डोकावून म्हणाले, "आता कशी शाळा वाटते." शाळा कमिटीच्या अध्यक्षांनी असं म्हटल्यावर मला बरं वाटायला हवं होतं.

होळीनंतरच्या रविवारी कोळीवाड्यात सभा होती, तिची हकिगत तिथल्या तुमच्या घरच्यांनी कळवली असेल. तरी माझ्याकडून ऐका. शिमग्यामुळे होड्या वर ओढलेल्या, माणसं घरी, म्हणून मी वाळूवरच दोन वाजता सभा ठेवली. शनिवारी वर्गात तसं सांगितलं, तर रघू उभा राहिला.

"गुरुजी, उद्या चवथ हाय. तीनला पानी भरंल."

मी म्हणालो, "समुद्राला सभेला यायचं असेल तर त्यालाही बसायला जागा देऊ."

वर्ग हसला. रघू हसला नाही. तो खाली बसला आणि मी पुढचा धडा घेतला.

रविवारी अडीचला माझ्या वहाणा भिजल्या. मी त्या वेळी मुंबई कोणाची, हे सांगत होतो. भाषण रंगात आलं होतं, थांबवत नव्हतं. पावणेतीनला पुढची सतरंजी तरंगली आणि पाण्याचा तांब्या टेबलाखालून आपणहून निघून गेला. तेव्हा रघूचे आजोबा बुधाजी गुडघाभर पाण्यात पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, पान्याला भाशान नाय कलत. चला वर आता." अडीचशे माणसं पोट धरून हसली. उरलेली सभा मी बुधाजींच्या ओट्यावरून पुरी केली. मीही हसलो, पण घरी येईपर्यंतच.

दुसऱ्या दिवशी वर्गात रघूला विचारलं, "तुला वेळ कशी कळली रे?" तो कपाटामागे हात घालून तुमचा तक्ता घेऊन आला. तो तिथे मीच सारला होता, हे त्याला ठाऊक होतं.

मी तो तक्ता पहिल्यांदा नीट वाचला. भरती रोज उशिरा का येते, असा कुणीतरी काढलेला प्रश्न. मग महिनाभर मुलांनी धक्क्यावर मांडलेले खडे, शेजारी तिथी आणि घड्याळाची वेळ. आणि खाली चाळीतल्या बकुळाच्या अक्षरात: "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. हे रघूच्या आजोबांना माहीत होतं, पण पाऊणकी माहीत नव्हती. आम्हाला पाऊणकी पाठ होती, पण हे माहीत नव्हतं."

मंजुळाबाई, चाळीस मुलं माझ्यासमोर रोज पाऊणकीच्या पाढ्यात "चार पाऊण तीन" म्हणतात. मीही त्यांच्याबरोबर म्हणतो. चवथीला तीन वाजता त्याच पाढ्याचं पाणी माझ्या गुडघ्याला लागलं, तोवर मला कळलं नाही.

आता नोव्हेंबरातल्या कमिटीच्या बैठकीकडे येतो. तिथे यायला मी इतकी पानं घेतली, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पालकांची तक्रार होती की बाई मुलांना बंदरावर खडे मांडायला नेतात. अप्पा म्हणाले, "बाई, परीक्षेत समुद्र विचारत नाहीत." तुम्ही म्हणालात, "म्हणून तर समुद्रावर परीक्षेतलं विचारते." लोक तुमच्या बाजूला झुकले होते, मला दिसत होतं. मग मी उठलो. गरिबाच्या पोराला प्रश्नांची चैन परवडत नाही, त्याला उत्तरं हवीत, दाखला हवा, नोकरी हवी, असं पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या. तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवलीत आणि गेलात. ही शाळा आपण दोघांनी काढली होती. चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, आणि चाळीतली व कोळीवाड्यातली पोरं एका बाकावर, एवढाच आपला जाहीरनामा होता.

त्या भाषणातलं एक अक्षरही मला खरं वाटत नव्हतं. ते मी का केलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बैठकीच्या दोन दिवस आधी तुम्ही आजारी होतात आणि वर्ग माझ्याकडे होता. तुमची प्रश्नांची वही टेबलावर होती. मुलं मनात येईल ते तिच्यात लिहीत, नाव घालून. मी सहज चाळली. शेवटच्या पानावर बकुळाचा प्रश्न होता:

"रामदास गुरुजी सभेत सांगतात की त्यांना लहानपणी शाळेत दाराबाहेर बसवत. मग आमच्या वर्गात रघूला आणि कोळीवाड्यातल्या मुलांना दाराजवळ कोणी बसवलं?"

मी बसवलं होतं. जूनमध्ये दोन-तीन आया येऊन म्हणाल्या, मासळीचा वास येतो. वाद नको, म्हणून मी ती मुलं दाराजवळच्या रांगेत हलवली. तुम्ही विचारलंत तेव्हा "तिथे वारा लागतो" असं सांगितलं. तुम्ही त्याच कोळीवाड्यातल्या, तुम्हाला कळलं नसेल असं कसं म्हणू? दाराबाहेरच्या फरशीचा गारठा मी शंभर व्यासपीठांवरून सांगितला आहे. आणि माझ्याच चाळीतल्या दहा वर्षांच्या मुलीने मला विचारलं, की मग हे काय?

मी ते पान फाडलं. त्यानंतर ती वही असलेली शाळा मला नकोशी झाली. पाऊण तासाच्या भाषणाचा अर्थ इतकाच होता.

पान फाडलं, पण टाकता आलं नाही. भाषणांच्या टिपणांत ठेवलं आणि चार महिने ते माझ्याबरोबर प्रत्येक सभेला आलं.

गेल्या बुधवारी घसा बसलेला असतानाच मी तो प्रश्न वर्गात वाचून दाखवला. उत्तर दिलं, "मी बसवलं. चूक केली." मग बकुळा म्हणाली, "गुरुजी, मग आता?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. अर्धा तास बाकांची ओढाओढ चालली, खालचे भाडेकरू वर पाहायला आले असते, पण आपण तळमजल्यावर आहोत. रघूला खिडकी हवी होती, ती मिळाली. शेवटी दाराजवळ एकच जागा उरली. तिथे आता माझी खुर्ची आहे. वारा लागतो, एवढं मात्र मी खोटं सांगितलं नव्हतं.

दोन पालकांनी मुलं काढण्याची धमकी दिली आहे. अप्पा बोलत नाहीत. येत्या रविवारी कमिटी जूनपासून चौथीचा वर्ग कुणाला द्यायचा ते ठरवणार आहे. मी भाषण करणार नाही. तक्ता भिंतीवर लावणार आणि नोव्हेंबरात का बोललो ते सांगणार.

तुम्हाला म्युनिसिपालटीच्या शाळेचं नेमणूकपत्र आल्याचं आणि महिनाअखेर होकार कळवायचा असल्याचं बुधाजींकडून कळलं. नोकरी कायमची आहे. आपल्या शाळेत पगार वेळेवर होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. परत या, असं लिहायला मी चार वेळा टाक उचलला. पण माणसांना पटवायची मला वाईट सवय आहे आणि या बाबतीत ती वापरायची नाही, असं ठरवलं आहे. खरं काय घडलं, ते तुमच्यापाशी नव्हतं. ते आता आहे. मग ठरवा.

फाडलेलं पान सोबत पाठवतो आहे. वही कपाटात आहे, किल्ली बकुळाकडे. नव्या पानावर तिने एकच ओळ लिहिली आहे, "बाई येणार का?", आणि खाली जागा सोडली आहे. मी तिथे काही लिहिलेलं नाही.

मावशींना नमस्कार.

दाराजवळून,
रामदास