हंड्याशेजारची बाळंतपणं

३ डिसेंबर १९५७
हीटर नामंजूर! साहेबांचा शेरा — 'बंगळूरला थंडी कुठे असते?' लिहिताना स्वतः लोकरी मफलर गुंडाळून बसलेले! आणि संस्थेतली आमची उंदरांची खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, फुटकी तावदानं. सकाळी आत पारा बारावर.
पंधरा जानेवारीच्या आत पांढऱ्या उंदरांची वीस पिल्लं दिली, तर माझी नोकरी पक्की. नाहीतर सांगलीला दादाचं किराणा दुकान. देवा, गुळाच्या ढेपा नकोत!

५ डिसेंबर
सात पिल्लं! दर तासाला उचलून मोजली.

६ डिसेंबर
एकही नाही. आईनेच खाल्ली. थंडीमुळे, असं साहेब म्हणाले. मी सायकलच्या शेडमागे जाऊन रडलो.

१० डिसेंबर
चार माद्या उरल्यात, चौघीही गाभण. आज खोका सायकलला बांधून घरी आणला! न्हाणीघरात आंघोळीच्या हंड्याखालचं चुलाण दिवसभर कोमट असतं. त्याला लागून, सरपणामागे खोका दडवला. घरमालकीण सकवारबाईंना पत्ता नाही.

११ डिसेंबर
पत्ता लागला!
"अय्यो नंदण्णा! उंदीर!" सकवारबाईंच्या तीन पिढ्या चिक्कपेठेत गेल्या, घाबरतात त्या कन्नडमध्ये. केरसुणी उगारलेली. मग वाकून बघितलं, आणि केरसुणी खाली आली.
"पोटुशी आहेत की ह्या! चौघीबी! भरल्या पोटाच्या बाईला थंडीत बाहेर काढत नसतात."
पुढे विचारलं, ह्यांच्या पिल्लांचं काय करणार? म्हटलं, आमच्या संस्थेत लागतात.
"जन्मल्या जन्मल्या सरकारी नोकरी! नशीब लागतं. तुझी तर अजून पक्की न्हाई."
मी नुसता हसलो. पुढचं सांगितलं नाही.

१५ डिसेंबर
हंड्याखाली आता दुपारीही दोन ढलप्या. खोक्यात माझा जुना बनियन आणि बाईंच्या लुगड्याच्या चिंध्या. उंदरांना नाचणीची पेज, वर 'स्वल्प तूप'. मला कालचं सार! भाडं कोण देतं या घरात?

२१ डिसेंबर
चौघी बाळंत! आतून चीं चीं ऐकू येतंय. वजनकाटा घेऊन धावलो, तर दारात सकवारबाई उभ्या.
"सोयर आहे. दहा दिवस हात लावायचा न्हाई."
"अहो, साहेबांना रोजचं वजन लागतं—"
"तुझ्या साहेबाला म्हणावं, बाळंतिणीला असं उघडून बघत नसतात!"
पाणी, पेज सगळं त्याच ठेवणार. तेही मान फिरवून.

२५ डिसेंबर
आंघोळ करता करता हात नुसता खोक्याकडे पुढे केला. बाहेरून लगेच — "नंदण्णा, पाण्याचा आवाज का थांबला?" पोलीस खात्यात हवी होती ही बाई! नोंदवहीत वजनाच्या रकान्यात 'प्रकृती उत्तम' ठोकून दिलं.

२८ डिसेंबर
आत एकही नसलं तर? जेवण जात नाही.

३१ डिसेंबर
सोयर फिटली. फडकं उचललं. तेवीस! तेवीसच्या तेवीस, गुबगुबीत! मी बाईंचे पायच धरले.
मग डोक्यात प्रकाश पडला. ती सात पिल्लं थंडीने नव्हती गेली. मीच सारखी हाताळली, त्यांना माझा वास लागला. एवढी पदवी घेतली, आणि हे शहाणपण सकवारबाईंकडे! फार लाज वाटली.

१ जानेवारी १९५८
बारावा दिवस. बारसं! बाईंनी गल्लीभर घुगऱ्या वाटल्या. कुणाचं बारसं, विचारलं की "आमच्या घरातलं." नावांसाठी माहेरची सगळी माणसं वापरून संपली — यल्लाप्पा, देवाप्पा, तानूबाई, चंद्राबाई. शेवटचं एक सगळ्यांना तुडवत आईच्या दुधाकडे पुढे पुढे करत होतं. त्याचं नाव नंदण्णा! हसून हसून पोट दुखलं.

७ जानेवारी
नंदण्णा माझ्या बाहीत शिरून झोपतो. तासभर हात हलवला नाही.

११ जानेवारी
साहेबांची चिठ्ठी. 'तुमची नेमणूक कायम. वीस पिल्लं सोमवारी आणा, मंगळवारी लस टोचायला घेऊ.'
टोचल्यावर आठवड्याने चिरून बघतात. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बाईंना फक्त पहिली ओळ वाचून दाखवली. त्यांनी माझ्यासाठी शिरा केला.

१३ जानेवारी
वीस पिल्लं सकवारबाईंनीच निवडली. तीन अशक्त घरी ठेवली — "ह्यांना कोण घेणार नोकरीत?" खोक्यात अंथरायला चांगल्या लुगड्याचा पदर फाडला. "हाफिसात थंडी असंल रे." नंदण्णाला सगळ्यांच्या आधी आत ठेवलं.
"बघ, ह्याला साहेब लगेच पक्का करतील."
मी "सरी, बरं" म्हणालो, आणि खोका सायकलला बांधला.