चाकं न हलवण्याचा आठवडा

एस्परन्स, ऑस्ट्रेलिया, ईस्टरची सुट्टी

डेसमंड,

घटस्फोटात घर तू ठेवलंस आणि गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, ती कॅरॅव्हॅन, माझ्या गळ्यात मारलीस. वर "रिव्हर्स कोण घेणार, नोरीन?" असं म्हणून हसलास. वर्षभर मी तिच्यातच राहतेय, पण सरळ आत शिरता येईल अशाच जागा शोधत फिरले.

आम्हा फिरत्या माणसांची सुट्टी म्हणजे सात दिवस चाकं हलवायची नाहीत. इथल्या कॅरॅव्हॅन तळावर समुद्रासमोर एकच जागा उरली होती, तीही कॅरॅव्हॅन मागे ढकलत रिव्हर्समध्येच शिरायची. लगेच तळावरचे सगळे चहाचे कप घेऊन, खुर्च्या टाकून बसले. नव्याची फजिती बघणं ही इथली करमणूकच.

मी एका दमात आत घेतली! टाळ्या पडल्या. शेजारची ग्लेनिस म्हणाली, "अगं, ओरडायला नवरा नसताना?"

"म्हणूनच जमलं."

तेव्हापासून नुसती पोहतेय आणि तळलेले मासे खातेय. आज एक जोडपं आलं. तो आतून ओरडत होता, ती मागे हात दाखवून दाखवून रडकुंडीला आलेली. मी तिला स्टिअरिंगवर बसवलं, त्याला मागे उभं केलं. पाच मिनिटांत बिचाऱ्याला घाम फुटला.

त्याचं तोंड तू बघायला हवं होतंस. पण हे पत्र टाकायचं तर गाडी काढावी लागेल, आणि मी सुट्टीवर आहे.

नोरीन