रिठ्याचे पाणी आणि मागची विहीर

ता. ४ एप्रिल, शनि.
आणले: रिठे एक किलो रु. १८०, तुरटी रु. २०, लिंबे पाच रु. २५.
वाणी म्हणतो, "काकू, ह्या पैशात पावडरीची मोठी पिशवी आली असती, वर बादली फुकट." बादली आहे माझ्याकडे. पावडरीचा फेस मागच्या गटारात दिवसेंदिवस हलत नाही, तो फुकट मिळतोच आहे.
रिठे फोडून बिया काढल्या. मूठभर भिजत घातले.

ता. ५, रवि. संकष्टी.
जिन्याखाली बिल्डिंगची मीटिंग. सेक्रेटरी देसले यांना मागची विहीर बुजवून गाड्या लावायच्या आहेत. नळाला पाणी एक दिवसाआड, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. विहिरीचे पाणी पितो कोण, असे विचारतात. पीत नाही, पण माझे धुणे, लादी, केळी सगळे त्यावर निघते.
विहीर अजून नानांच्या नावावर. आमचे जुने घरमालक, आता सांगलीला लेकाकडे असतात. त्यांनी कळवले आहे, पाणी नासले असेल तरच सही देईन, नाहीतर आईने खणवलेली विहीर आहे, हात लावू नका. देसले हसून म्हणाले, "मग नासलंय असंच लिहू." मी म्हटले, सगळ्यांसमोर पोहरा काढा आणि मग लिहा. शुक्रवार ठरला.
घरी आल्यावर हे म्हणाले, "तुला काय पडलंय?" मी चहा दिला नाही.

ता. ७, मंगळ.
धुणे: चादरी दोन, ह्यांचे सदरे चार. देवाची वस्त्रे वेगळी. रिठ्याचे पाणी उकळून, गाळून, कोमट असताना कपडे बुडवले. कॉलरला लिंबू. उरले पाणी केळीच्या आळ्यात.
वरची सुलभा गॅलरीतून: "काकू, तुमच्या कपड्यांना वासच नसतो हो. धुतलेत हे कळायचं कसं?"
म्हटले, मळ नसतो त्यावरून.
तिच्या मशीनचे निळे पाणी गटारातून विहिरीच्या कठड्याला लागून जाते. सांगून थकले. लहान पोरांना ओरडता येते, हिला कोण ओरडणार.
विहिरीत डोकावले. उन्हाळ्याने पाणी कमरेइतके, मधे छोटे मासे फिरताना, कडेला हिरवी साय. देसले ह्यालाच नासलेले म्हणणार.

ता. ९, गुरु.
सकाळपासून एकच डोक्यात. पाणी उद्या स्वच्छ दिसले पाहिजे. विहिरीत टाकतात ते जांभळे पोटॅशियम टाकायचे तर देसले म्हणतील औषध घालून स्वच्छ केले. रिठे तर झाडाचे फळ. जे देवाच्या वस्त्राला चालते ते पाण्याला का चालू नये?
होते तेवढे रिठे उकळले. दोन कळशा दाट काढा झाला. दिवेलागणीला विहिरीत ओतला, वर तुरटी फिरवली, हात जोडले. हे मागच्या दारात उभे होते. पाहून आत गेले.

ता. १०, शुक्र.
मासे वर आलेले. पांढरी पोटे. कडेला फेस.
देसल्यांनी फोटो काढले. "काकू, तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यांसमोर बघा म्हणून."
मी सुलभाकडे बोट केले. तुझ्या मशीनच्या पाण्याने झाले हे, म्हटले. चारचौघांत. ती रडत वर गेली. बरे वाटले, खोटे कशाला लिहू.
जे हलत होते ते पोहऱ्याने वर घेऊन चाळणीने काढले. काही बादलीत, काही पितळी पातेल्यात. पाणी पिंपातले.

ता. ११, शनि.
पातेल्यातले फिरत आहेत. बादलीतला एकही नाही.
दोन्हीकडे पाणी एकाच पिंपाचे. बादली ती, रिठे भिजवायची. घाईत विसळली नव्हती. बुडाशी टरफले चिकटलेली.
पूजा तशीच राहिली. दुपारी ह्यांना सांगितले.
"मला गुरुवारीच वाटलं होतं."
"मग बोलला का नाहीत?"
"तू ऐकतेस?"
इतक्या वर्षांत नेमके तेव्हाच ऐकले असते.

ता. १२, रवि.
देसल्यांचे पत्र नानांकडे गेले, फोटोसकट. खाली सगळ्यांच्या सह्या. ह्यांचीही. सुलभाची आहे, ती का असू नये.
देसल्यांकडे जाऊन खरे ते सांगितले. म्हणाले, "रिठे ना? नैसर्गिक ना ते? नैसर्गिकानं कोण मरतं, काकू?" माझेच शब्द, वर्षभर सगळ्यांना ऐकवलेले. बायको आतून हसली.
सुलभाच्या दारापर्यंत गेले. आत मशीन चालू. बेल दाबली नाही.

ता. १३, सोम. एकादशी.
विहीर एकदा उपसली तर झऱ्याचे नवे पाणी भरेल. पण रहाटाला देसल्यांनी साखळी घालून कुलूप लावले आहे. सकाळी आधी वर गेले, बेल दाबली. सुलभाने दार उघडले, चूक माझी होती हे ऐकून घेतले, बरं म्हणाली, दार लावले. एवढेच.
नानांना ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही. लेक देसल्यांचाच दोस्त. कार्ड आणून लिहिले. ह्यांना वाचून दाखवले. म्हणाले, "नाव तुझं जाईल." जाऊ दे. पेटीत टाकण्याआधी इथे उतरवून ठेवते:

"ती. नानांस शि. सा. नमस्कार. मासे मेले ते विहिरीच्या दोषाने नाही, सुलभाच्याही नाही. मी रिठ्याचा काढा आत ओतला. पाणी छान दिसावे म्हणून. आपल्या आईंनी खणवलेली विहीर माझ्या हातून नासली असे गावभर सांगा, पण सही करू नका. एकदा उपसू द्यावी. पातेल्यात चार मासे जिवंत आहेत. त्यांना कुठे सोडायचे ते आपल्या शब्दावर आहे. उलट टपाली कळवावे."