गेंडोबाच्या आजीचा आवाज

शुक्रवार, ९ जून

लागला एकदाचा! गेंडोबाचा चौथा कार्टून सिनेमा. आधीचे तिन्ही असे चालले की पोरांच्या दप्तरांवर गेंडोबा, डब्यांवर गेंडोबा, चपलांवरसुद्धा गेंडोबा. पहिला गेंडा काढला माझ्या लेकाने, दिग्दर्शकही तोच. आणि गेंडोबाच्या आजीचा आवाज माझा! चारही वेळा. बाई शाळेत कधी गेली नाही, थेट सिनेमात गेली.

नातीने फोन असा लावून दिलाय की मी बोलते नि तो लिहितो. त्याला लिहिता येतं, मला वाचता येत नाही. म्हणजे गुपित अगदी सुरक्षित — माझ्यापासूनसुद्धा!

शनिवार, १० जून

नातीने जेवताना परीक्षणं वाचून दाखवली. एकाने दोन तारे दिलेत. आभाळात एवढे फुकट पडलेत, आणखी एखादा टाकला असता तर याच्या घरचं काय जाणार होतं? दुसरा म्हणतो, गेंडोबा थकला, त्याला आता घरी बसवा. तिसऱ्याचं वाचताना पोरगी मध्येच अडखळली.

"पुढे?"

"काही नाही गं आजी. असंच."

"वाच. मला अक्षर येत नाही, पण गाळलेलं कळतं."

"'आजीच्या आवाजात उमेदच नाही. तिचे विनोदसुद्धा शोकसभेत केल्यासारखे वाटतात.'"

मी म्हटलं, वयाचा मान ठेवला हो मेल्याने! कुणी हसलं नाही. लेक अर्ध्या ताटावरून उठला. "तुझी काही चूक नाही, आई." बस, एवढंच.

रविवार, ११ जून

सूनबाई थिएटरात डोकावून आली. "बरे होते लोक," म्हणाली. तिला धड खोटंही बोलता येत नाही. बरे म्हणजे दारावरचा माणूस धरून.

मंगळवार, १३ जून

कंपनीच्या साहेबांचा फोन आला. सिनेमा उतरवणार. गेंडोबा बंद, चित्रांचा अख्खा विभागच बंद. लेक "बरं" म्हणाला. पुन्हा "बरं" म्हणाला. फोन ठेवला आणि नळाची गळती बघायला गेला!

हाताखालची पोरं घरी आली, रडली. यानेच त्यांना चहा करून दिला. एवढा शांत? लहानपणी पेन्सिलीचं टोक मोडलं तरी घर डोक्यावर घ्यायचा.

माझ्यामुळे बुडालं का हे सगळं? कुणाला विचारू?

बुधवार, १४ जून

दिवसभर तेच डोक्यात. आवाज द्यायला बसतात तेव्हा इतरांना कागद देतात. मला कागद देऊन काय, वारा घेऊ? म्हणून काचेच्या खोलीत लेक समोर बसतो. एकेक वाक्य म्हणतो, मी तस्सं परत म्हणते. तो थांबेल तिथे थांबायचं, तो हसेल तिथे हसायचं. पहिल्या वेळी आम्ही इतके खिदळलो की मशीनवरचा माणूस ओरडला — "साहेब, आईंना घेऊन बाहेर जा, काय हसायचं ते हसून या!"

या खेपेला पटापट उरकलं. कुणी ओरडलं नाही. मला वाटलं, आता सराव झाला.

गुरुवार, १५ जून

आज नातीला म्हटलं, चल, उतरायच्या आत दाखव. मी पाहिलाच नव्हता. स्वतःचा आवाज ऐकायची मला लाज वाटते, दर वेळी टाळते.

थिएटरात आम्ही दोघी आणि पुढच्या रांगेत एक आई, तिचा मुलगा. नदी आटलेली, सगळा कळप दमून खाली बसलेला. आजी उठते, दात काढून हसते, म्हणते — "पोचू रे पिल्ला! रस्ता काय कुठं पळून जातोय?"

मुलगा म्हणाला, "आई, आजी रडते का?"

"रडत नाही रे, हसतेय. तोंड बघ तिचं."

"नाही. रडतेय."

मी डोळे मिटले आणि ऐकलं. गळा माझा. पण वाक्य सुरू करायच्या आधीच दम टाकणं, शेवटचा शब्द गिळणं — हे माझं नाही! मी जन्मात शब्द गिळलेला नाही, सूनबाईला विचारा. हे त्याचं. त्याने जसं म्हटलं तसंच मी म्हटलं, तिळभर इकडेतिकडे नाही.

आणि हे आवाजाचं काम झालं थंडीत. तेव्हा कुठले तारे आणि कुठला साहेबांचा फोन! सगळं नीट चाललं होतं. म्हणजे तो तेव्हापासूनच असा. सिनेमा पडला म्हणून नव्हे.

परीक्षण लिहिणाऱ्याने ऐकलं. त्या एवढ्याशा पोराने ऐकलं. मी समोर बसून, त्याच्या तोंडाकडे बघत, पोपटासारखी म्हणत राहिले.

नात म्हणाली, "आजी, चल ना, संपला." माझ्याच्याने उठवेना.

शुक्रवार, १६ जून

आज लेकाने खोलीची आतून कडी लावली. कधी लावत नाही. हाका मारमारून उघडायला लावली. त्याला सूनबाईबरोबर बाहेर पाठवलं — एकटं सोडू नको म्हटलं — आणि सुताराला बोलावून कडी काढून घेतली.

"आजी, नवी कसली बसवू?"

बसवायची नाही, म्हटलं.